जुन्या मोटारीचे ब्रेक

ह्या सदरांत आम्ही बहुधा घरांतील यंत्रांविषयींच लिहीत असतों. ह्या खेपेचा विषय थोडा दूरदेशींचा आहे. परंतु तो आमच्या घरीं पत्ररूपानें आला, आणि त्यावर घरांतील लहानथोरांचा चार दिवस इतका खल झाला कीं, तो वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटलें.

आमचा पुतण्या कांहीं वर्षांपासून इंग्लंडांत डर्बी येथें नोकरीस आहे. गेल्या वर्षीं त्यानें १९७१ सालची एम्. जी. बी. ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार हौसेनें विकत घेतली. ऑक्सफर्डनजीकच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यांत ही मोटार १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. आणि एकंदर पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्यामुळें तिचे सुटे भाग आजही मिळतात. किंबहुना अडचण भाग न मिळण्याची नाहीं; एकाच भागाचे पांच प्रकार मिळतात, ही खरी अडचण आहे.

येत्या उन्हाळ्यांत आमच्या वहिनी मुलाकडे जावयाच्या आहेत. आईस शेजारीं बसवून डर्बीशायरच्या डोंगरांतून, विशेषतः विनॅट्स पास नांवाच्या खिंडींतून, फिरवून आणावें असें त्याच्या मनांत आहे. तेथील उतार सुमारें पांचांस एक, म्हणजे पांच हात पुढें जातां एक हात खालीं, इतका तीव्र आहे. ब्रेकचें पेडल मात्र अलीकडे नरम लागतें. तेव्हां त्यानें तीन पर्याय लिहून पाठविले: पहिला, शर्यतीच्या धर्तीचे मोठे ब्रेक, भोकें पाडलेल्या डिस्क आणि शर्यतीचेच पॅड, दुसरा, सर्वांत स्वस्त मिळणारा पुरा संच, आणि तिसरा, पूर्वीच्या मालकानें मूळ वेष्टणांत जपून ठेवलेले, पन्नास वर्षांपूर्वींचे कोरे भाग. शेवटीं विचारलें होतें, "काका, ह्यांतून काय घेऊं?"

घरांतील तरुण मंडळींनीं अर्थातच पहिल्याच्या बाजूनें कौल दिला. आमच्या वडील बंधूंस तिसरा पर्याय म्हणजे घरचें सोनें वाटलें. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "गाडी वेळेवर थांबेल ना, तेवढें पाहा म्हणजे झालें." आमच्या मतें सर्वांत शहाणपणाचा प्रश्न हाच होता.

तो अधिकच महत्त्वाचा ठरतो, ह्यास एक कारण आहे. ब्रिटनमध्यें जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी १९६० सालीं सुरू झाली. परंतु मे २०१८ पासून, ज्या मोटारीस चाळीस वर्षें होऊन गेलीं आहेत आणि जिच्यांत मोठे फेरफार झालेले नाहींत, तिला ह्या तपासणींतून सूट मिळाली आहे. म्हणजे जी गाडी सर्वांत म्हातारी, तिचीच नाडी पाहण्यास वैद्य येत नाहीं. सरकारनें हात काढून घेतला, तेथें मालकाचें कर्तव्य दुप्पट होतें, हें आम्हीं पुतण्यास प्रथम कळविलें.

आतां ब्रेकचें काम किती मोठें, तें पाहूं. ब्रिटनच्या 'हायवे कोड' ह्या सरकारी पुस्तिकेंत दिलें आहे कीं, ताशीं ३० मैल वेगानें चाललेली गाडी ब्रेक लागल्यापासून १४ मीटरांत थांबते. पण ताशीं ६० मैलांस हेंच अंतर ५५ मीटर होतें. वेग दुप्पट, तर अंतर जवळजवळ चौपट! ह्या सगळ्या गतीची उष्णता करून ती हवेंत सोडणें, हेंच ब्रेकचें काम. एम्. जी. बी. च्या पुढच्या चाकांस १०.७५ इंच व्यासाच्या लोखंडी डिस्क असतात व त्यांस दोहों बाजूंनीं पॅड आवळतात. मागच्या चाकांस १० इंची ड्रम असून आंतून शू फांकतात. पायाचा जोर चाकापर्यंत पोहोंचतो तो मास्टर सिलिंडर, धातूच्या नळ्या व रबरी होज ह्यांतील द्रवाच्या द्वारें. पुतण्याच्या गाडींत हा मास्टर सिलिंडर एकेरी आहे. म्हणजे एक जरी होज फुटला, तरी चारही चाकांचा ब्रेक एकदम जाणार, आणि हातीं उरणार तो फक्त मागच्या चाकांचा हँडब्रेक. सांखळीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकें, हें येथें अक्षरशः खरें आहे.

ह्या दृष्टीनें पाहतां पहिला पर्याय आम्हांस पटला नाहीं. शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट धरतात. सकाळच्या गारठ्यांत गल्लीच्या तोंडाशीं एखादें मूल आडवें आलें, तर त्या पहिल्या दाबास ते मऊ पॅडपेक्षांही कमी पडतील. शिवाय पुढचे ब्रेक मोठे करून मागचे तसेच ठेवले, कीं पुढच्या व मागच्या चाकांचा कारखान्यानें साधलेला तोल बिघडतो. आणि गाडी अखेर टायर धरतील तेवढीच थांबणार. टायर घसरूं लागल्यावर मोठ्या ब्रेकचा उपयोग काय?

तिसऱ्या पर्यायाविषयीं बंधूंशीं आमचा मतभेद झाला. कोरा भाग आणि ताजा भाग एक नव्हे. रबर न वापरतांही म्हातारें होतें. पन्नास वर्षें पुडींत राहिलेला वॉशर कडक होऊन तडकतो, व गळूं लागतो. पॅड व शू ह्यांच्या अस्तरांत त्या काळीं ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्यामुळें ब्रिटननें त्यावर १९९९ सालीं पूर्ण बंदी घातली. जुने ड्रम उघडतांना आंतली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी, हेंही आम्हीं बजावून लिहिलें. मात्र त्या पेटींतील लोखंडी कॅलिपरसारखा भाग गंज काढून, आंत नवे वॉशर घालून खुशाल वापरावा. बंधूंचें म्हणणें इतकें तरी आम्हांस मान्य करावें लागलें.

उरला स्वस्त संच. स्वस्त तें सर्वच वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यावर करणाऱ्याचें नांव नाहीं, तो भाग ब्रेकांत तरी नको. पॅडवर वर्तुळांतील ई हें अक्षर व आंकडा असल्यास पाहावा. संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाप्रमाणें तो पॅड मूळच्याशीं ताडून पाहिलेला असतो, आणि त्याच्या गुणांत १५ टक्क्यांहून अधिक फरक चालत नाहीं. आट्यांकडेही लक्ष हवें. ह्या इंग्रजी गाडीच्या नळ्यांचे आटे इंची मापाचे. हल्लीं मिळणारे कांहीं भाग मिलिमीटरच्या मापाचे असतात. एक वेढा बसतो, दुसराही बसतो, आणि बसला असें वाटून माणूस फसतो.

आतां ज्यास आपल्याकडे सर्रास 'ब्रेक-ऑइल' म्हणतात, त्याविषयीं. तें तेल नव्हे. तें तेल असें समजण्यानें घात होतो. फार वर्षांपूर्वीं आमच्या घरीं एक फियाट होती. प्रवासाच्या आदल्या दिवशीं ब्रेकच्या डबींतील द्रव कमी झालेला पाहून आम्हींच, कोणास न विचारतां, तींत इंजिनाचें तेल ओतलें. त्या तेलानें आंतले रबरी वॉशर फुगले, आणि दुसऱ्या दिवशीं खंबाटकीच्या घाटांत ब्रेक लागलेले सुटेनात. चाकांतून धूर निघाला, आणि मुलांबाळांसह आम्ही तीन तास रस्त्याच्या कडेस बसलों. ही चूक आमची होती, म्हणून ती येथें नांवानिशीं सांगतों.

खरा ब्रेकचा द्रव ग्लायकॉलच्या जातीचा असून तो हवेंतील ओलावा शोषतो. डॉट ४ ह्या प्रतीचा ताजा द्रव २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. परंतु ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खालीं येऊं शकते. लांब उतारावर ब्रेक तापले, कीं तो उकळतो, वाफ दबते, आणि पेडल तळाशीं जातें. ह्यास्तव दर दोन वर्षांनीं द्रव बदलावा. सिलिकोनचा डॉट ५ हा निराळा. तो ह्यांत मिसळूं नये.

तेव्हां आम्हीं पुतण्यास जो क्रम कळविला तो असा. प्रथम होज, नळ्या व वॉशर पाहा. होज नवे घाल, गंजलेल्या पोलादी नळ्यांऐवजीं तांबें व निकेल ह्यांच्या मिश्रधातूच्या घाल. मग डिस्कची जाडी व ड्रमचा आंतील व्यास मोजून घे. त्यानंतरच पॅड व शू घे, ते कारखान्याच्या मूळ मापाचे व रस्त्यावरच्या वापराचे. आणि डाव्या-उजव्या चाकांचे नेहमीं जोडीनें बदल, नाहींतर गाडी एका अंगास ओढेल. सारें बसविल्यावर नवे पॅड हलक्या हातानें कांहीं दिवस मुरूं दे. आणि कायद्याची सक्ती नसली, तरी आपण होऊन गाडी तपासून घे.

पुतण्यानें सांगितल्याप्रमाणें केलें. पुढचा एक होज कापून पाहिला, तों बाहेरून धड असलेलें रबर आंतून फुगून वाट जवळजवळ बुजलेली! कोणताही नवा पॅड घातला असता, तरी हा दोष तसाच राहिला असता. दोन नव्या नळ्यांचे आटेही मिलिमीटरचे निघाले. त्या त्यानें परत केल्या. शेवटीं तपासणीच्या रुळांवर प्रत्येक चाकाचा जोर मोजला, तो डाव्या-उजव्या बाजूंस सारखा भरला. एकंदर खर्च शर्यतीच्या ब्रेकांच्या निम्माही झाला नाहीं.

तें पत्र आम्हीं वहिनींस वाचून दाखविलें. त्यांनीं तें नीट ऐकून घेतलें व म्हणाल्या, "बरें झालें. तरी उतरतांना त्याला खालच्या गिअरमध्येंच राहावयास सांगा." हा सल्ला मूळ पत्रांत लिहावयाचा राहून गेला होता, तो आम्हीं त्याच दिवशीं रवाना केला.