ताण, तंबाखू आणि एक स्वस्त गोळी

मराठवाड्यात कोणाला तोंडाचा कर्करोग झाल्याचे कळले, की भेटीस येणारा प्रत्येक जण हमखास एकच उपदेश करतो, ‘टेन्शन घेऊ नका.’ त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ऐन पेरणीच्या दिवसांत औत सोडून आलेल्या शेतकऱ्याने टेन्शन घेऊ नये, म्हणजे नेमके काय करावे? शिवाय या उपदेशाला एक बोचरी बाजू आहे. उद्या रोग बळावलाच, तर ‘मन खंबीर ठेवले नाही’ हा ठपका नकळत रुग्णाच्याच माथी बसतो.

ताणाचा कर्करोगाशी काही संबंध नाही, असे मात्र विज्ञान म्हणत नाही. माणूस घाबरला, चिंतेत पडला, की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अॅड्रेनालिन आणि मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन पाझरते. हृदयाच्या पेशींवर या संप्रेरकांसाठी जणू कुलपेच बसविलेली असतात. त्यांना वैद्यकात बीटा-ग्राही म्हणतात. किल्ली लागली, की नाडी धावू लागते. अशीच कुलपे अनेक कर्कपेशींवरही आढळली आहेत. ब्राझीलमधील संशोधकांनी २०११ साली दाखविले, की प्रयोगशाळेत नॉरअॅड्रेनालिन मिळालेल्या मुखकर्करोगाच्या पेशी अधिक वेगाने वाढतात आणि दाह पेटविणारे इंटरल्युकिन-६ हे द्रव्य अधिक स्रवतात.

यापुढची पायरी २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या मोरान अमित व त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम आहे. पी-५३ हे रक्षक जनुक निकामी झालेली मुखकर्करोगाची गाठ शेजारच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंनाच बदलून टाकते. ते अॅड्रेनालिनच्या जातीचे मज्जातंतू बनतात आणि गाठीला खतपाणी घालू लागतात. उंदरांमध्ये ही कुलपे औषधाने बंद केल्यावर गाठीची वाढ मंदावली. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. येथे संप्रेरकाचा झरा रुग्णाच्या कमकुवत मनात नाही, तो गाठीनेच आपल्या दाराशी खोदून घेतलेला आहे. रुग्णाला दोष देणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे, याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. तो निरीक्षणाचा मोठेपणा जरूर सांगावा. पण त्यावरून आपल्या पूर्वजांना बीटा-ग्राही ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा.

आणि मूळ कारण तंबाखू, गुटखा, सुपारी हेच आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे; टपरीवर तिची काय अवस्था आहे, हे वाचकांस सांगायला नको. ‘टेन्शन आले म्हणून चिमूटभर तोंडात टाकली,’ असे सांगणारे भेटतात. वस्तुस्थिती उलटी आहे. निकोटिन शरीरातील अॅड्रेनालिन वाढवते.

ही कुलपे बंद करणारी औषधे म्हणजे बीटा-ब्लॉकर. पैकी प्रोप्रॅनोलॉल सर जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात शोधले. १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. रक्तदाब, धडधड, अर्धशिशी यांवर ते आजही दिले जाते. मग कर्करोगावर का नाही? कारण पुरावा अपुरा आहे. जुन्या नोंदी चाळून केलेल्या पाहण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, आणि ही गोळी घेणाऱ्यांना मुळात हृदयविकार असल्याने तुलनाच अवघड होते. खरा निवाडा चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली मोठी चाचणीच करू शकते. पेटंट केव्हाच संपलेल्या, स्वस्तात मिळणाऱ्या गोळीच्या चाचणीवर कोट्यवधी रुपये कोणती कंपनी खर्च करील?

म्हणूनच हे काम सार्वजनिक संस्थांचे आहे, आणि ते आपल्याकडे होऊ शकते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत स्तनांच्या कर्करोगावर अशीच चाचणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिडोकेन हे भुलीचे जुने, अल्पमोली औषध टोचण्यात आले. सुमारे १,६०० स्त्रियांच्या या अभ्यासात पाच वर्षांनी ते टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. २०२३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष परदेशी कंपनीच्या कृपेने आलेला नाही.

भारतीय पुरुषांत मुखकर्करोग सर्वांत अधिक. म्हणजे रुग्ण आपले, शल्यविशारद आपले, औषध देशात बनणारे. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर काही दिवस ही गोळी दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण घटते का, हा प्रश्न पाश्चात्त्य देश सोडवतील म्हणून वाट पाहत बसण्याचे कारण नाही. टाटा रुग्णालयाने पुढाकार घ्यावा, संभाजीनगरच्या रुग्णालयाने त्यात केंद्र म्हणून उतरावे आणि राज्य शासनाने खर्च उचलावा. उत्तर नकारार्थी आले, तरी एक वेडी आशा तेवढी संपेल.

तोवर घरातल्या आजोबांची रक्तदाबाची गोळी कोणी कर्करुग्णाला देऊ नये. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल जिवावर बेतू शकते, मधुमेह्याची साखर उतरल्याची धडधड ते झाकून टाकते, आणि हृदयविकारासाठी ते घेणाऱ्याने एकाएकी बंद करणेही घातक असते. आप्तेष्टांना काही करायचेच असेल, तर रुग्णाबरोबर किरणोपचाराच्या रांगेत उभे राहावे, त्याच्या मुलांच्या शाळेचे पाहावे. परळच्या नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था मुंबईत परगावच्या रुग्णांना निवारा देतात. त्यांचा पत्ता हाताशी असलेला शेजारी उपदेश करणाऱ्या दहा जणांहून अधिक उपयोगी पडतो.