गवती चहाच्या कुंडीखालची बशी

आपल्या हैदराबादच्या वैद्यकीय इतिहासात २० ऑगस्ट १८९७ या दिवसाचे स्थान अढळ आहे. त्या दिवशी बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांनी हुसेनखान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला चावलेल्या डासाचे विच्छेदन केले आणि त्याच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाचे जंतू पाहिले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा नगरीतील एका डॉक्टराच्या गच्चीवरच डासांची पैदास व्हावी, यापरती लाजिरवाणी गोष्ट कोणती? ती माझ्या बाबतीत घडली, म्हणून हा लेखनप्रपंच.

बागकाम हा माझा जुना छंद. सकाळी रुग्णालयात जाण्यापूर्वी आणि सायंकाळी दिवेलागणीच्या आधी मी कुंड्यांजवळ रमतो. डासांसाठी रासायनिक द्रव्ये अंगाला लावणे मला कधीच रुचले नाही. त्यामुळे गच्चीच्या कडेने गवती चहा, सिट्रोनेला, तुळस आणि झेंडू लावले. खोबरेल तेलात कडुनिंबाचे तेल मिसळून हातापायांना चोळू लागलो. सायंकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी होतीच. हे उपाय मी रुग्णांनाही मोठ्या हौसेने सांगत असे.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुटीत नातू पुण्याहून आला. झाडांना पाणी घालण्याच्या निमित्ताने तो माझ्यामागे गच्चीवर हिंडे. आठव्या दिवशी त्याला ताप भरला. तपासणीत डेंग्यू निघाला. तो सुखरूप बरा झाला, तथापि रोज त्याच्या प्लेटलेटचा आकडा पाहताना माझ्यातील डॉक्टर केव्हाच मागे पडला होता, उरला होता तो केवळ आजोबा. त्याच काळात मी गच्चीची झडती घेतली. गवती चहाच्या कुंडीखालची बशी उचलली, तर तिच्यातील स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. नातवाला चावलेला डास तिथलाच होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. परंतु स्वतःला निर्दोषही ठरवू शकत नाही.

घरगुती उपायांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. त्यांची मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. गवती चहा किंवा सिट्रोनेला कुंडीत नुसते उभे राहून डासांना पळवत नाहीत. गुण आहे तो पानांतील तेलात, आणि ते तेल अंगाला लावले तरी लवकर उडून जाते. घाम आला की परिणाम आणखी घटतो. कडुनिंबाचे तेलही काही काळच उपयोगी पडते. धूर आहे तोवर डास दूर राहतात. परंतु दमेकऱ्याच्या घरात त्या धुराची किंमत डासापेक्षा महाग पडू शकते. कापूर आणि कडुनिंबाचे तेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ते पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

दुसरी गोष्ट वेळेची. हिवतापाचा ॲनॉफिलिस प्रामुख्याने रात्री चावतो. डेंग्यूचा एडिस दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणजे नेमक्या आपल्या बागकामाच्या वेळी! रात्रीची मच्छरदाणी तिथे कामाची नाही. त्या वेळी पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे आणि पायमोजे हाच बिनखर्ची उपाय. डेंग्यूची साथ असताना प्रमाणित मलम लावण्यात कमीपणा मानू नये, असे माझे आता मत झाले आहे.

परंतु खरा घरगुती उपाय वेगळाच आहे, आणि त्याला ना पाला लागतो ना तेल. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळला, तर हे चक्र तुटते. मात्र पाणी नुसते ओतून टाकणे पुरेसे नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून बशी घासूनच धुवावी. शक्य तर तिच्यात वाळू भरावी. मनीप्लांटची बाटली, कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे जुने टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी यांचीही हीच व्यवस्था करावी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येईलच असे नाही, म्हणून घरोघरी जमिनीखाली संप आणि दारात पिंपे असतात. त्यांची झाकणे घट्ट असावीत. कमळाच्या कुंडात गप्पी मासे सोडावेत.

माझ्या व्यवसायबंधूंना एक नम्र सूचना. तापाचा रुग्ण आला की आपण रक्ततपासणी लिहून देतो. त्यासोबत ‘घरात कुंड्या आहेत का? त्यांच्याखालच्या बशा कधी घासल्या होत्या?’ हे दोन प्रश्नही विचारावेत. ‘कडुनिंब जाळा’ असे सांगणे सोपे असते आणि रुग्णालाही ते आवडते. बशी घासण्याचा सल्ला कोणाला फारसा भावत नाही. तरीही तो द्यावा.

माझा गवती चहा अजूनही गच्चीवर आहे. त्याचा उपयोग आता चहातच होतो. बशी मात्र दर रविवारी मी स्वतः घासतो आणि सुटीत नातू आला की हे काम त्याच्याकडे असते.