उसनं वैर

27 मार्च 2024 च्या रात्री हैदराबादेत सनरायझर्स आणि मुंबई इंडियन्स यांचा सामना चालू होता. हैदराबादने 277 धावा केल्या होत्या. आयपीएलमध्ये तोवर एवढी धावसंख्या कुणीच उभारली नव्हती. मुंबईच्या डावात रोहित शर्मा 26 धावांवर बाद झाला. तिकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात काही माणसं टीव्हीसमोर बसली होती. त्यांतले साठी ओलांडलेले एक गृहस्थ चेन्नईचे चाहते. रोहित गेला, आता मुंबई कशी जिंकणार, अशा अर्थाचं काहीतरी ते खुशीत बोलून गेले. त्यावरून त्यांना मारहाण झाली. गावातल्याच दोघांना पोलिसांनी पकडलं. डोक्याला मार लागलेले ते गृहस्थ 30 मार्चला वारले. चेन्नईचा संघ त्या रात्री मैदानात नव्हताच.

आमच्या मुदखेडात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: एखाद-दुसरा माथेफिरू असतो, त्याच्यावरून सगळ्या चाहत्यांना कशाला धरता? मोबाइलवरची भांडणं मोबाइलातच विझतात. मारहाण टीव्हीसमोर झाली, फोनवर नाही, हे मला मान्य आहे. पण त्या हंगामाची हवा कुठे तापली होती ते आठवा. 15 डिसेंबर 2023 ला मुंबईने रोहितच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. संघाच्या खात्यावरून लाखो चाहते निघून गेले, आणि पंड्याच्या नावाने जी शिवीगाळ सुरू झाली ती तीन महिने थांबली नाही. आमच्याकडची, पत्र्याच्या घरात राहणारी पोरंसुद्धा त्याला ‘छपरी’ म्हणत होती. करवीरच्या त्या गृहस्थांना जाऊन दोन दिवस झाले, आणि 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी पंड्याचं नाव येताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. समालोचक संजय मांजरेकरांना ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना ‘नीट वागा’ म्हणून बजावावं लागलं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या रोहितने स्वतः हात खाली करून गर्दीला गप्प बसायची खूण केली. ज्याचे आपण चाहते, त्याचंही न ऐकणाऱ्यांना मी चाहते कसं म्हणू?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. 29 जून 2024 ला ब्रिजटाउनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक पंड्याने टाकलं. दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या, भारत 7 धावांनी जिंकला, आणि रोहितने त्याला मिठीत घेतलं. 4 जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. म्हणजे ज्या वैरापायी एवढं रान पेटवलं, ते त्या दोघांमध्ये टिकण्याजोगं नव्हतंच. ते उसनं होतं. उसनं घेतलेलं वैर परत करता येतं. गेलेला माणूस परत येत नाही.

ही एकच घटना नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात रोहित मोठा की विराट, या वादात एका तरुणाने आपल्याच मित्राचा जीव घेतला. त्यानंतर ट्विटरवर काय झालं? कोहलीला अटक करा, अशी मागणी देशभर ट्रेंडवर आली. मेलेल्या पोराचं कुणाला काही नव्हतं. त्याच्या प्रेतावरही दोन्ही बाजूंनी आपापले गुण मोजून घेतले.

दुसरं उत्तर शिकलेल्या माणसांचं असतं. हे खेड्यातल्या रिकाम्या, अर्धवट शिकलेल्या पोरांचं काम, असं ते सांगतात. हे उत्तर मला सर्वांत जास्त झोंबतं, कारण आपल्या गावावर ठपका ठेवून मोठ्या शहरांना मोकळं सोडणारं ते आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये भारत पाकिस्तानकडून हरला, आणि मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या घालणाऱ्यांची रीघ लागली. विराट कोहली शमीच्या बाजूने उभा राहिला, तर त्याच्या तान्ह्या मुलीवर अत्याचार करण्याची धमकी लिहिली गेली. त्या प्रकरणी मुंबई पोलिसांनी तेलंगणातून ज्याला अटक केली तो आयआयटीत शिकलेला संगणक अभियंता होता. पुढे तक्रारदाराच्या संमतीने उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, म्हणून त्या मुलाबद्दल मी काही म्हणत नाही. पण पदवी माणसाला या आजारापासून वाचवते, हा समज तरी आता सोडून द्यावा.

‘प्रेम आहे हो, प्रेमात थोडं जास्त होतंच,’ हे तिसरं उत्तर. हेच खोडून काढणं सर्वांत महत्त्वाचं आहे. प्रेम असतं तर या पोरांनी रोहितचा पुलचा फटका तासभर समजावून सांगितला असता. कुठल्याही ग्रुपवर जाऊन पाहा: स्वतःच्या खेळाडूबद्दल चार ओळी आणि समोरच्याच्या आई-बहिणीबद्दल चाळीस. सामना कुणी पूर्ण पाहिलेला नसतो. वीस सेकंदांचा ‘एडिट’ पाहून भांडण सुरू होतं. त्यात पैशाचीही भर पडली होती. 49 रुपये लावून ऑनलाइन खेळात टीम बनवणारा मुलगा हरला की त्याचा राग टीम बनवून घेणाऱ्या कंपनीवर निघायचा नाही, शून्यावर बाद झालेल्या खेळाडूवर निघायचा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते बरंच झालं. पण रागाचा धंदा त्याने बंद झालेला नाही. ज्या पोस्टखाली जास्त भांडण, तीच पोस्ट जास्त लोकांपुढे येते, हा या माध्यमांचा हिशेब आहे. फॅन पेज चालवणाऱ्यांनी तो कधीच ओळखला. आमची पोरं त्या हिशेबात फुकट राबतात.

फुकट तरी कसं म्हणू? किंमत त्यांनाच मोजावी लागते. मुदखेडला सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. वर्दीचं स्वप्न इथल्या पोरांच्या डोळ्यांसमोर रोज फिरतं. पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं आणि रात्री दोन वाजता कुठल्या तरी खेळाडूच्या बायकोला घाणेरड्या कमेंट लिहिणारी पोरं यांत काही चेहरे सारखे असतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. भारतीय न्याय संहितेत धमकीला कलम 351 आहे, बाईचा ऑनलाइन पिच्छा पुरवण्याला कलम 78 आहे. गुन्हा नोंद झाला की भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो. पाच वर्षांची दौड एका रात्रीच्या कमेंटपायी वाया जाऊ शकते, आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याला या पोराचं नावही कधी कळत नाही.

मग काय, कुणावर जीव टाकूच नये? असं मी मुळीच म्हणत नाही. तटस्थ माणसांनी कुठलाच खेळ आणि कुठलीच कला जगवलेली नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड पाहिलेल्यांना वेडे चाहते कसे असतात हे सांगायला नको. हलगी कडाडते, गावंच्या गावं आपापल्या पैलवानासाठी घसा फोडतात. पण ओरडतात ते डावाचं नाव घेऊन! पडलेल्याने झुंज चांगली दिली असेल तर त्याच्याही हातावर नोट ठेवणारी म्हातारी माणसं तिथे असतात. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1970 च्या एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं आणि पुढे दिल्लीच्या सत्पालला चीत केलं. ती कुस्ती सांगणारे आजही भेटतात. त्यांतल्या कुणाच्या तोंडून मी सत्पालबद्दल वावगा शब्द ऐकलेला नाही. ते आधी सत्पालची ताकद रंगवून सांगतात, कारण सत्पाल मोठा असल्याशिवाय बिराजदार मोठे होत नाहीत, ही साधी गोष्ट त्यांना उमगलेली आहे.

नाटकाचंही असंच होतं. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या नाटक कंपन्यांच्या चाहत्यांत शंभर वर्षांपूर्वी उघड दोन तट होते. बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले, यावर लोक हमरीतुमरीवर येत. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव. दोन्ही तट एकाच छपराखाली बसले आणि दोघांचं गाणं ऐकलं. तीन महिने गेले नाहीत तोच केशवराव एकतिसाव्या वर्षी वारले. ती संधी दुराग्रहाने घालवली असती तर ती जोडी कुणालाच ऐकायला मिळाली नसती.

यावर कुणी विचारेल, की तेव्हाही तट होते, मग आज वेगळं काय? वेगळं हे, की तेव्हा भांडायला आधी ऐकावं लागे. केशवरावांना नावं ठेवायची तर तिकीट काढून त्यांच्या नाटकाला बसणं आलं, आणि तोंडावर भांडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच माणसाकडून भाजी घ्यायची असे. आज खोटं नाव घेऊन हजार कोसांवरच्या अनोळखी माणसाला जाळून टाकायची भाषा करता येते, आणि सकाळी कुणाला तोंड दाखवावं लागत नाही.

राहता राहिले ग्रुपचे अॅडमिन. लोक लिहितात, आम्ही काय करणार, असं ते म्हणतात. कायद्याचा आधारही त्यांना आहे: संगनमत नसेल तर सदस्याच्या मजकुराबद्दल अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं. पण सदस्य घेणं आणि काढणं अॅडमिनच्या हातात असतं, याचीही नोंद न्यायालयाने केली आहे. मुदखेडातल्या प्रत्येक क्रिकेट ग्रुपच्या अॅडमिनकडे माझं मागणं तेवढंच आहे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी ग्रुपवर लिहा, की खेळाडूच्या घरच्या बायका-मुलांचं, त्याच्या जातीचं, धर्माचं नाव घेऊन घाण लिहिणारा त्याच मिनिटाला बाहेर जाईल. तो सख्खा भाऊ असो की गल्लीतला दादा, त्याला काढा. खेळावर मात्र रात्रभर भांडू द्या.