क्ष म्हणजे नेमके काय?

दहावीच्या गणित भाग 1 मधले पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे. समीकरण मुले सोडवतात. शाब्दिक उदाहरण आले की अडतात आणि 'गणित मला जमतच नाही' म्हणून मोकळी होतात.

हे उदाहरण पाहा. कोल्हापुरात केएमटी बसच्या कंडक्टरकडे 5 आणि 10 रुपयांची मिळून 12 नाणी आहेत. एकूण 85 रुपये. कोणती नाणी किती? पुष्कळ मुले लिहितात, 'क्ष = 5 रुपयांची नाणी'. घोटाळा इथेच! क्ष ही नाण्यांची संख्या, की त्यांचे रुपये? पूर्ण वाक्य लिहायला लावा: 5 रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष, 10 रुपयांच्या नाण्यांची संख्या य. आता क्ष + य = 12 आणि 5क्ष + 10य = 85. क्ष 7, य 5. अम्मी-अब्बांना बीजगणित येत नसले तरी चालेल. उदाहरण मोठ्याने वाचून घ्यावे आणि 'यातले तुला काय माहीत नाही?' एवढेच विचारावे.

भास्कराचार्यांनी 12व्या शतकात अनेक अज्ञातांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे दिली. त्याआधी, नवव्या शतकात, बगदादचे अल-ख्वारिज्मी अज्ञाताला 'शय', म्हणजे वस्तू, म्हणत. त्यांच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा-वाटपाच्या उदाहरणांचा आहे. त्याच धर्तीवर एक उदाहरण घरी करून पाहा: वारस फक्त एक मुलगा आणि दोन मुली, मुलाचा वाटा एका मुलीच्या दुप्पट, रक्कम 4 लाख. इथे क्ष कोणाचा वाटा मानाल?