धन्यतेचा पगार

विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकविणाऱ्या एखाद्या बाईंची गोष्ट निघाली, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींचे हात आपोआप जोडले जातात. "केवढें पुण्याचें काम! आमच्यानें नसतें झालें बुवा!" असे उद्गार निघतात, डोळ्यांच्या कडा पुसल्या जातात, आणि तेवढ्यानें कर्तव्य आटोपतें. त्याच मंडळींच्या घरांतील मुलीनें बारावीनंतर हाच पेशा पत्करण्याचें मनांत आणलें, तर मात्र जोडलेले हात झटकन् सुटतात. "तसल्या शाळेंत आयुष्य काढणार काय?" हा पहिला प्रश्न, "पगार किती?" हा दुसरा, आणि "स्थळें कशीं येतील?" हा तिसरा, जरा दबल्या आवाजांतला. आमचा मुख्य आक्षेप त्या नमस्कारावरच आहे. ज्याच्या पायां पडावयाचें त्याला वेतनाचें विचारावयाचें नाहीं, ही आपली फार जुनी सोय आहे.

इचलकरंजी हें यंत्रमागांचें गांव. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग बसविला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनीं त्या उद्योगास आश्रय दिला, आणि वाढतां वाढतां २०२२ सालीं गांवाची महानगरपालिका झाली. या गांवांत माग अडला तर मालक त्यापुढें हात जोडून बसत नाहीं. तो जॉबरला बोलावतो. धोट्याची चाल कोठें बिघडली हें जॉबरच्या कानाला कळतें, म्हणून त्याची मजुरी कोणी त्याच्या पुण्याच्या खात्यांत जमा करीत नाहीं. मग ज्या मुलाचें बोलणें अडलें आहे, त्याच्यासाठीं लागणारें कसब तेवढें नुसत्या मायेनें अंगीं यावें, ही अपेक्षा कोठून आली?

हें कसब म्हणजे काय, तें साध्या सदऱ्यावरून पाहावें. डोक्यावरून घालावयाचा सदरा. मान घालणें, एक हात, दुसरा हात, मग खालीं ओढणें. जाणती शिक्षिका पहिल्या पायरीपासून शिकवीत नाहीं. सर्व कांहीं ती स्वतः करते आणि शेवटचा ओढा तेवढा मुलाच्या हातीं ठेवते. सदरा अंगांत बसला तो त्याच्या हातानें! तें जमलें कीं शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्याकडे, मग तीन. कोणत्या पायरीला हात धरावा लागला, कोठें बोट दाखविणें पुरलें, कोठें नुसता शब्द, याची ती नोंद ठेवते आणि आपला आधार मोजून मापून कमी करीत जाते. उलट घाईंतली प्रेमळ आई अर्ध्या मिनिटांत सदरा चढवून मोकळी होते. ती चुकते असें आम्ही म्हणत नाहीं. पण मुलगा वीस वर्षांचा झाला तरी सदरा दिसतांच हात वर करून उभा राहतो.

बहिरेपणाची गोष्ट याहून नाजूक. रात्रंदिवस माग खडखडणाऱ्या गल्लींत हांकेला न वळणाऱ्या मुलाबद्दल "गलक्यांत ऐकूं आलें नसेल" असें घरच्यांना वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. पण भाषा शिकण्याचीं पहिलीं मोलाचीं वर्षें अशा समजुतींत निघून जातात, आणि तीं परत मिळत नाहींत.

कायद्यानें तरी या कामाला पेशा मानलें आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्यान्वयें नोंदणीवांचून हा व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं, होऊं शकतात. पुढें विशेष शिक्षकांनाच न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें. २८ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सामान्य शाळांसाठीं प्रमाण सांगितलें: प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागें एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांत पंधरांमागें एक. तरी ७ मार्च २०२५ रोजीं त्याच न्यायालयाला राज्यांना पदें निर्माण करण्याचें पुन्हा बजवावें लागलें. पदच नाहीं, तेथें कंत्राट. आणि कंत्राटावर असलेला मनुष्य दुसरी नोकरी मिळतांच जातो. त्याच्याबरोबर त्या सदऱ्याच्या नोंदीही जातात; नवा येतो तो पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो.

कोणी म्हणेल, थोर संस्था करुणेंतूनच उभ्या राहिल्या. सिंधूताई जोशी यांनीं १९६४ त पुण्यास 'कामायनी' काढली. नसीमा हुरजूक यांनीं १९८४ त कोल्हापुरास 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्यांच्यापुढें आम्हीही नम्र आहों. पण संस्थापकाचा त्याग ही त्याची स्वतःची खुशी असते. घरभाडें देऊन राहणाऱ्या पन्नासाव्या शिक्षकाकडून तोच त्याग वसूल करण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?

आणि पालकांनाही आम्ही सोडूं इच्छीत नाहीं. थोरल्याच्या क्लासची फी जूनमध्यें बिनबोभाट, एकरकमी भरली जाते. धाकट्याला बोलावयास शिकविणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञाशीं मात्र दर खेपेस घासाघीस चालते. "आपण तर सेवा करतां," हें वाक्य तेथें सवलतीच्या अर्जासारखें वापरलें जातें. दाते तरी काय वेगळे? वाढदिवसाला मुलांस खाऊ वाटतात, वर्गाला पंखा देतात. पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचें नांव रंगवितां येतें. शिक्षिकेच्या जून ते मेपर्यंतच्या वेतनावर तें कोठें रंगवावें, एवढीच कायती अडचण असावी.