गाडी उंच करताना मजुरी कुठली वाचवायची?

अमेरिकेत पिकअप ट्रक ही घरची गाडी असते. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा पिकअप आहे. असा ट्रक दारात आला की अनेकांना हौस येते ती त्याचं सस्पेन्शन उंच करण्याची. दोन-तीन इंच उंची वाढली की मोठे टायर बसतात, खडकाळ वाटेवर पोट घासत नाही आणि गाडीला रुबाब येतो. साधं किट काही शे डॉलरमध्ये मिळतं. गॅरेजची मजुरी मात्र तासाला शंभर ते दोनशे डॉलर, आणि काम सहज दिवसभर चालतं. मग सुट्टीच्या दिवशी घरापुढेच जॅक लावून मालक स्वतः गाडीखाली शिरतो. अवजारांची अडचण येत नाही. ऑटोझोनसारखी दुकानं अनामत घेऊन स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसरसुद्धा वापरायला देतात. तो परत केला की पैसे परत.

स्वतःच्या गाडीला स्वतः हात लावणं चांगलंच आहे. ज्यानं आपली गाडी खालून नीट पाहिली आहे, त्याला गॅरेजवाला सहजासहजी गंडवू शकत नाही. पण ‘घरी की गॅरेजमध्ये’ हा प्रश्न सरसकट विचारला जातो, तिथे हिशेब चुकतो. उंची कोणत्या पद्धतीनं वाढवायची, यावर त्याचं उत्तर अवलंबून आहे.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडखांबाच्या, माथ्यावर स्पेसर बसवणं. स्ट्रट खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असतो, त्यामुळे तिथे एक इंच जाडीचा स्पेसर घातला की चाकापाशी जवळपास दोन इंच उंची मिळते. हे ठाऊक नसलेला माणूस दोन इंचांसाठी दोन इंची स्पेसर मागवतो आणि मग ॲक्सलचे सांधे भलत्या कोनात फिरू लागतात. मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळा आणि लांब यू-बोल्ट लावले की झालं. मात्र यू-बोल्ट नवेच हवेत. एकदा ताणून आवळलेला पुन्हा वापरायचा नसतो. भक्कम स्टँड, टॉर्क पाना, मदतीला एक माणूस आणि सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचायची तयारी असेल, तर एवढं काम घरी खुशाल करावं.

स्ट्रट उघडून त्यातली स्प्रिंग बदलायची असेल, तर मात्र थांबावं. ती स्प्रिंग शेकडो किलोंच्या दाबाखाली असते. कॉम्प्रेसरची पकड सुटली तर हात, जबडा, डोळा, काहीही जाऊ शकतं. चार-सहा इंचांच्या किटमध्ये चाक धरणारी नकल बदलावी लागते, डिफरन्शियल खाली घ्यावं लागतं, स्टीअरिंगची भूमिती हलते. अशा कामाला लागणारे तासाचे शे-दोनशे डॉलर महाग म्हणता येत नाहीत. वाचवू नये अशी मजुरी हीच.

एक बारकावा तर घरचे आणि गॅरेजवाले दोघंही चुकवतात. कंट्रोल आर्मचे बुश रबराचे असतात. चाक हवेत लोंबत असताना त्यांचे बोल्ट पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत ते फाटतं, गाडी खडखडू लागते आणि खापर फुटतं किटवर. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच.

काम कोणीही केलेलं असो, व्हील अलाइनमेंट गॅरेजमध्येच करून घ्यावं आणि त्याचा छापील कागद मागून घ्यावा. उंची बदलली की चाकांचे कोन, म्हणजे टो, कॅम्बर, कास्टर, सगळेच सरकतात आणि नवे महागडे टायर एका कडेनं झिजून जातात. हेडलाइटचा झोतही खाली आणावा लागतो. नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्या बिचाऱ्यानं कुणाच्या हौसेची किंमत का मोजावी? नॉर्थ कॅरोलिनानं २०२१ मध्ये ट्रकचं नाक मागच्या भागापेक्षा चार इंच किंवा त्याहून अधिक वर काढण्यावर बंदी घातली, कारण नाक वर असलेल्या गाडीच्या चालकाला समोरचा रस्ताच नीट दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या थार आणि जिम्नीवाल्यांनाही ही हौस लागली आहे. त्यांनी घर की गॅरेज हे ठरवण्याआधी कायदा बघावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२० ची थार कारखान्यातूनच २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स घेऊन येते. सह्याद्रीतल्या बहुतेक कच्च्या वाटांना तेवढा पुरतो. तरीही किट घ्यायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी आरटीओला लेखी विचारा.