एकही कण सापडला नाही, तरी 21 कोटींचं बक्षीस! सुपरग्रॅव्हिटीचा वाद नेमका काय आहे?

6 ऑगस्ट 2019 ला ब्रेकथ्रू प्राइझ या संस्थेनं भौतिकशास्त्राचं एक विशेष पारितोषिक जाहीर केलं. रक्कम 30 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण 21 कोटी रुपये. मानकरी तिघं होते : सर्जिओ फेरारा, डॅनियल फ्रीडमन आणि पीटर व्हॅन न्यूवनहायझन. काम 1976 सालचं, थिअरीचं नाव सुपरग्रॅव्हिटी.

मेख अशी की या थिअरीनं सांगितलेला एकही नवा कण आजवर कुणाला सापडलेला नाही.

मग बक्षीस कशाचं? हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातोय. कारण युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेला आता 91 किलोमीटर घेराचं नवं यंत्र बांधायचंय. खर्चाचा अंदाज सुमारे 15 अब्ज स्विस फ्रँक, म्हणजे दीड लाख कोटी रुपयांच्या आसपास. एवढा जनतेचा पैसा मागायचा तर “गणित फार सुंदर आहे” हे कारण चालेल का?

आधी थिअरी समजून घेऊ. समजा प्रत्येक गावानं आपलं घड्याळ आपल्या मर्जीनं लावलंय. एका गावात दहा वाजलेत, शेजारच्या गावात सव्वादहा. हरकत नाही, पण दोन्ही गावांत व्यवहार करायचा तर वेळ जुळवायचं कोष्टक हवं. आता पाच गावं फिरून, दर ठिकाणी कोष्टक वापरून तुम्ही घरी परत आलात आणि तुमची वेळ घरच्या घड्याळाशी जुळलीच नाही, तर? घड्याळं कुणी कशीही लावली असली तरी ही तफावत पुसता येत नाही. गेज थिअरी म्हणते, निसर्गातलं बल म्हणजे ही न पुसली जाणारी तफावत. गणितज्ञ हिलाच वक्रता म्हणतात. म्हणजे बलाचा प्रश्न शेवटी भूमितीचा प्रश्न होतो.

हे नुसतं कल्पनारंजन नाही. यांग आणि मिल्स यांनी 1954 मध्ये मांडलेल्या अशाच गणितातून पुढे अणुकेंद्रातल्या बलांची थिअरी उभी राहिली. तिनं सांगितलेले डब्ल्यू आणि झेड कण 1983 मध्ये सर्नमध्ये प्रत्यक्ष सापडले.

सुपरसिमेट्री ही त्याच्या पुढची कल्पना. इलेक्ट्रॉनसारखे पदार्थाचे कण आणि फोटॉनसारखे बल वाहणारे कण यांच्या जोड्या आहेत, असं ती मानते. फेरारा, फ्रीडमन आणि व्हॅन न्यूवनहायझन यांनी या कल्पनेला गावोगावच्या घड्याळांचा नियम लावला : जागोजागी, क्षणोक्षणी ही अदलाबदल वेगवेगळी करता आली पाहिजे. आणि त्या समीकरणात गुरुत्वाकर्षण असल्याशिवाय हिशेब बसेना. गुरुत्वाकर्षण मुद्दाम घुसवावं लागत नाही, ते नियमातूनच येतं. सोबत ग्रॅव्हिटिनो नावाचा नवा कणही येतो. शेवटची तपासणी इतकी किचकट होती की पदांची लांबलचक यादी शून्य होते का, हे पाहायला कॉम्प्युटर लावावा लागला. ती शून्य झाली.

(पाठोपाठ त्याच वर्षी स्टॅनली डेसर आणि ब्रुनो झुमिनो यांनी हीच थिअरी वेगळ्या वाटेनं मांडली. झुमिनो 2014 मध्ये वारले, पण 2019 मध्ये हयात असलेल्या डेसर यांचंही नाव बक्षिसाच्या यादीत नव्हतं. हे खटकणारं आहे.)

आता पुराव्याकडे येऊ. लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, सुरू झाला तेव्हा सुपरसिमेट्रीचे जोडीदार कण लवकरच दिसतील, अशी अनेकांना आशा होती. 2012 मध्ये हिग्ज कण सापडला, जोडीदार मात्र दिसले नाहीत. साध्या मॉडेलांमधला ग्लुइनो हा कण असलाच, तर तो प्रोटॉनच्या 2000 पटींहून जड असला पाहिजे, इथवर मर्यादा सरकलीय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ ज्या सीएमएस प्रयोगात आहेत, त्याचाही निष्कर्ष तोच.

यातून थिअरी खोटी ठरत नाही, कण आणखी जड असू शकतात. पण टीकाकारांचा आक्षेप नेमका इथंच आहे. दर वेळी “आणखी थोडं पुढे असेल” म्हणता येत असेल, तर थिअरी चुकली हे ठरणार कधी? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सबीन होसेनफेल्डर यांनी तर सौंदर्याच्या नादात हे क्षेत्र भरकटलंय, असं सांगणारं पुस्तकच 2018 मध्ये लिहिलं.

आक्षेपात दम आहे, पण तो पुरा नाही. सुपरग्रॅव्हिटीनं हत्यार म्हणून जे काम केलंय, ते खरं आहे. एका बंदिस्त व्यवस्थेची एकूण ऊर्जा ऋण होऊ शकत नाही, हे आइन्स्टाइनच्या थिअरीतलं अवघड प्रमेय एडवर्ड विटन यांनी 1981 मध्ये सोप्या रीतीनं सिद्ध केलं, ते सुपरग्रॅव्हिटीतून सुचलेल्या कल्पनेवर. ते प्रमेय ग्रॅव्हिटिनो सापडला नाही म्हणून चुकीचं ठरत नाही. 1996 मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी काही खास कृष्णविवरांची एन्ट्रॉपी मोजली, तिथंही हीच चौकट कामी आली.

म्हणून बक्षीस आणि यंत्र हे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत. बक्षीस एका अब्जाधीशांच्या संस्थेचं, त्यांनी ते विचारांना दिलं तर बिघडलं काय? 2012 मध्ये तेव्हाच्या अलाहाबादचे अशोक सेन यांनाही स्ट्रिंग थिअरीतल्या कामासाठी याच संस्थेचे 30 लाख डॉलर मिळाले होते, तेही प्रयोगाच्या पुराव्याशिवाय. नोबेल मात्र पुराव्यासाठी थांबतं. हिग्ज आणि आंग्लेअर यांना 1964 च्या कामासाठी ते 2013 मध्ये मिळालं.

यंत्राचा पैसा करदात्यांचा असतो, तिथं निकष कडकच हवा. सर्नच्या नव्या प्रस्तावात पहिला भर हिग्ज कणाच्या अचूक मोजमापांवर आहे. तो कण आहे हे माहीत आहे, त्यामुळे मोजमाप होणार हेही नक्की. सुपरसिमेट्रीचा शोध चालू राहील, पण हमी म्हणून नाही. बांधायचं की नाही, याचा निर्णय 2028 च्या सुमारास अपेक्षित आहे.